कुशीवरची शिवण

सुनेत्रा तावडेची मापं मी ती नववीत असल्यापासून घेतेय. पाठ, छाती, मुंढा, दंड, सगळं माझ्या वहीत आहे. वयाप्रमाणे आकडे वाढत गेले आणि मग एका जागी थांबले. दोन वर्षांपूर्वी मात्र त्या अंगावर एक नवीन गोष्ट आली. ब्लाउजची खालची पट्टी आणि साडीचा काठ यांच्यामध्ये जी जागा उघडी राहते, तिथे डाव्या कुशीवर, बरगडीखालून निघून पोटाकडे उतरलेली वीतभर शिवण. मी शिवणच म्हणते. पंचवीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला दुसरा शब्द सुचत नाही.

डॉक्टरांनी ती घातली चांगलीच असणार, पण भरताना फुगली. करंगळीएवढी जाड, जांभळट, वरून चकचकीत. उन्हाळ्यात खाजायची. परकराची नाडी घासली की ठणकायची.

लालबागला आमच्या खोल्या शेजारी शेजारी. मधली भिंत अशी, की पलीकडे कोणी पापड मोडला तरी मला कळतं. तेव्हा मी जे सांगतेय त्यातलं निम्मं पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून आलेलं आहे.

मयूर तिचा धाकटा भाऊ. एकोणतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सुयांनी हात बघवत नव्हते. वडील आधीच गेलेले, आईला म्हणजे गंगूकाकीला शुगर. राहिली सुनेत्रा. तिचे रिपोर्ट आले त्या दिवशी काकी एवढंच म्हणाली, "जुळला गो तुझा सगळा." देशील का, असं कोणी विचारल्याचं मला भिंतीतून कधी ऐकू आलं नाही. डॉक्टर किडनी दुर्बिणीतून काढू म्हणाले होते. आत गेल्यावर जमेना, मोठं कापावं लागलं.

दोघं घरी आली तेव्हा डिस्चार्जचे कागद मीच वाचून दाखवले. खूण कशी कमी करायची तेही त्यात होतं. टाके निघाले, जखम पुरती भरली, की सिलिकॉनची पट्टी लावायची, रोज बारा तास, निदान सहा महिने. हलक्या हातानं मालीश करायची. ऊन लागू द्यायचं नाही. सुनेत्राच्या कागदावर डॉक्टरांनी पट्टीखाली पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या. तिच्या दंडावर लहानपणच्या लसीची खूणसुद्धा चण्याएवढी फुगलेली. अशी कातडी असली की खूण वाढत जाते, पट्टी चुकवू नका, असं त्यांनी बजावलं होतं. मयूरच्या कागदावर रेघा नव्हत्या.

पट्ट्या दोघांच्या आल्या. लागल्या सगळ्या एकालाच.

"त्याचा लगीन व्हायचा आसा," गंगूकाकी म्हणाली. "उद्या बायको बघतली."

"काकी, सुनेत्राचंही व्हायचंच आहे की."

"तिका आता कोण बघता?"

हे सुनेत्राच्या समोर. सुनेत्रा मेथी निवडत होती. तिनं एक पिवळं पान बाजूला काढून ठेवलं.

काकी वाईट बाई आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या हातचं तिसऱ्यांच्या एकशिपीचं कालवण मी वीस वर्षं खातेय. पण रोज दिवेलागणीला ती गावाहून आलेल्या मुठेलचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, तुकडा चमच्यात वितळवायची आणि मयूरच्या पोटाला, जांघेच्या थोडं वर, जिथे बहिणीची किडनी बसवली होती तिथे अंगठ्यानं गोल गोल चोळायची. सहा महिन्यांत ती खूण पांढऱ्या दोऱ्यासारखी झाली. काकी बायकांना बोलावून दाखवायची. मयूरही शर्ट वर करून उभा राहायचा, नवा मोबाइल दाखवावा तसा.

सुनेत्राच्या वाट्याला चमच्याला चिकटलेलं उरायचं. आणि कुशीवर मागच्या बाजूला आपला आपला हात नीट पोचतही नाही. कधीमधी माझ्याकडे यायची, मी चोळून द्यायचे. पण तोवर ती दोरी वळली गेली होती.

एक काम मात्र घरानं पूर्ण तिच्यावर सोपवलं होतं. बाहेरून आलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून मयूरला जन्मभर गोळ्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मयूर वेंधळा. म्हणून गोळ्यांचा डबा सुनेत्राच्या पर्समध्ये आणि गजर सुनेत्राच्या फोनवर. "माझी वस्तू आहे, मलाच बघायला हवं," ती हसून म्हणायची.

मग मयूरचं जमलं. प्रभादेवीची मुलगी, आकांक्षा, बालवाडीत शिकवायची. गोड, बडबडी, डोळ्यांत पटकन पाणी येणारी. तारीख ठरली आणि सुनेत्रा करवलीची साडी घेऊन माझ्याकडे आली. गर्द जांभळी, मोरपंखी काठाची.

"मावशी, मला या लग्नात दुसरं काही नको," मी टेप गुंडाळत असताना ती म्हणाली. "मी त्याच्यामागे करा घेऊन उभी असेन, तेव्हा कोणीतरी एकदा म्हणावं, याला हिनं उभा केला. मोठ्यानं नको. पण म्हणावं."

"म्हणतील की."

"आई म्हणेल असं वाटतं."

मी वहीत कंबर लिहिली.

दुसऱ्या दिवशी काकी स्वतः खाली आली. माझं दुकान जिन्याखाली, एक मशीन, एक पडदा. "सुनेत्राचा ब्लाउज लांब शिव हां. पार कंबरेपर्यंत. तो डाग कोणाक दिसता नये." मला वाटलं, लाजेपोटी. मी लांब कापला.

आठवडाभरानं सुनेत्रा पडद्यामागे तो ब्लाउज घालून बघत होती, तेवढ्यात आकांक्षा आली. शालू मुलाकडचा, तेव्हा त्यावरचा ब्लाउजही मुलाकडच्या शिंपिणीनं शिवायचा. मी तिला उभं केलं, खांद्यावर कापड टाकलं, तोंडात टाचण्या धरल्या.

"मावशी, तुम्ही शेजारच्याच ना? मग तुम्हाला माहीतच असेल."

मी मान हलवली. काय ते कळेना.

"यांनी ताईंना किडनी दिली ते."

तोंडात टाचण्या होत्या, ते बरं झालं.

"मी नाहीच म्हणणार होते खरं. एका किडनीचा मुलगा, पप्पांना धास्ती. पण मग यांनी सगळं सांगितलं. ताई कशा मरायला टेकल्या होत्या, यांनी कोणाला न विचारता कसा फॉर्म भरला. मावशी, बहिणीसाठी पोट कापून घेणारा माणूस बायकोला किती जपेल. पप्पा रडले चक्क."

पडदा हलला नाही. मी दंडाचं माप घेतलं, परत घेतलं. दोन्ही वेळेला आकडा वेगळा आला.

मग सुनेत्रा बाहेर आली. नवीन ब्लाउज काढून तिनं आपला रोजचा घातला होता. पदर खांद्यावर, कूस उघडी.

"अय्या, ताई, तुम्ही इथेच?" आकांक्षाची नजर खाली गेली. ती वाकली आणि बालवाडीतल्या पोराचा गुडघा बघावा तशी ती शिवण बघायला लागली. बोट लावलं. "दुखतं?"

"नाही."

"त्यांची खूण तर दिसतपण नाही म्हणे. आई सांगत होत्या, तुम्ही पट्ट्या लावायचा कंटाळा केलात."

सुनेत्रानं माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या काढून उशीत खोचल्या, एक, दोन, तीन. बोलायला तोंड मोकळं झालं होतं. बोलले नाही.

"मी आल्यावर कंटाळा चालणार नाही हं," आकांक्षा म्हणाली. "आणि गोळ्या? आठचा गजर होतो ना तुमचा? आईंनी सांगितलंय मला. त्यांची वस्तू आहे तुमच्यात ताई, जपायला नको?"

"जपते," सुनेत्रा म्हणाली.

त्या संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"हे काय सांगितलंत तिला?" भिंतीपलीकडे सुनेत्रा.

"मी नाय. मयूरान सांगितल्यान."

"अगं ताई, खूण ती बघणारच ना? काय सांगू, आजारी होतो? आजारी माणसाला मुलगी कोण देतं, सांग ना. गोळ्या तुझ्याच पर्समध्ये असतात, गजर तुझ्या फोनवर. कोणाला डाउटपण येणार नाही. एक वाक्य फिरवलं फक्त."

"फक्त."

"तुला काय फरक पडतो? तुझं काय अडलंय त्याच्यावाचून? तू तशीपण..."

पुढचं त्यानं गिळलं. सभ्य मुलगा.

"तू गोळ्या कशा घेणार? तिच्यासमोर?"

"बीपीच्या म्हणेन. तू देत राहा नेहमीसारख्या. हळूच."

"मी सांगितलं तिला तर?"

मग गंगूकाकीचा आवाज आला, शांत, भात वाढताना असतो तसा. "तुका करवली व्हायचा आसा मा? मगे गप रव. नायतर दर्शना आसा." दर्शना ही त्यांची चुलतबहीण. करा धरायला तिचेही दोन हात होतेच.

सकाळी दुकान उघडायच्या आधी सुनेत्रा पायरीवर बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत ब्लाउज.

"गप राहायचं कबूल केलंय मी," ती म्हणाली.

आता पुढचं डोकं माझं, ते मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. मी म्हटलं, "तू गप राहा. ती खूण बोलेल. आपण हा आखूड करू." मला खरंच तसं वाटलं होतं. ज्याला किडनी बसवतात त्याला पुढून पोटात बसवतात, जिची काढतात तिची कुशीतून काढतात. हे मला दोघांचे कागद वाचून माहीत. मला वाटलं, दोनशे माणसांत एकाला तरी दिसेल की ही जागा देणाऱ्याची आहे. शिंपीणबाईला वाटतं, जग कापड उलटं करून शिवण बघतं.

"दिसेल ना मावशी?" तिनं विचारलं.

"न दिसायला काय झालं."

मी चार बोटं कापून टाकला आणि खालची पट्टी नव्यानं बसवली.

दादरच्या हॉलमध्ये ती मयूरच्या मागे उभी राहिली. दोन्ही हातांत करा, वर आंब्याची पानं आणि नारळ. हात वर गेले की पदर सरकतो, तसा सरकला. व्हिडिओवाल्याचा दिवा थेट कुशीवर पडला. जांभळ्या साडीत ती जांभळी दोरी लखलखली. गंगूकाकीनं बघितलं आणि डोळ्यांनीच मला भाजून काढलं. मी तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते. मला वाटलं, आता.

पुढच्या रांगेत आकांक्षाची मामी शेजारणीच्या कानात बोलली, पण मामींचं कुजबुजणं असतं तसं, सगळ्यांना ऐकू येईल असं. "हीच ती. हिला दिली त्यानं."

"अगं बाई, केवढं कापलंय. म्हणजे याला किती कापलं असेल."

"आणि बघ, दाखवतेय पण. काही झाकत नाही. भावाचा अभिमान असतो गं."

मामी उठली, स्टेजवर गेली आणि मयूरवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पाठोपाठ आणखी दोघी. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान चांगला पिळायचा असतो, हक्काचा. त्यानं कानाला नुसतं बोट लावलं आणि वाकून मयूरच्या पाया पडला. हॉलमध्ये टाळ्या. व्हिडिओवाला सुनेत्राला म्हणाला, "ताई, जरा लेफ्ट साइड इकडे. हां, बस." कॅमेरा त्या शिवणीवरून सावकाश फिरत मयूरच्या चेहऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. मयूरनं नजर खाली केली. विनयानं खाली केलेली नजर कशी दिसते ते मला तेव्हा कळलं.

सुनेत्रानं करा आणखी वर धरला. नारळ पडला नाही.

वरात चाळीत आली तेव्हा पावणेआठ झाले होते. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं आणि सुनेत्रा दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली. नवरी घरात येताना बहिणीनं दार अडवायचं, आणि ती मागेल ते भावानं कबूल केल्याशिवाय सोडायचं नाही. बहुतेक जणी म्हणतात, तुमची पहिली मुलगी माझ्या मुलाला. सुनेत्राला ते म्हणायची सोय नव्हती. म्हणून सगळे जास्तच कान देऊन उभे.

"माग गं सुनेत्रा, चेन माग."

"स्कूटी माग."

"माग ताई," मयूर म्हणाला. हार, मुंडावळ्या, घामानं चमकणारा, लालबुंद निरोगी चेहरा. "काय पाहिजे ते माग."

सुनेत्रा म्हणाली, "किडनी दे."

गॅलरीत जो हशा उसळला तो खाली रस्त्यावर गेला असेल.

"आता दुसरीपण?"

"एक घेतलीस ना बये. पोट भरलं नाही?"

मयूर सगळ्यांत जास्त हसला. डोळे पुसत म्हणाला, "एकच उरलीय ताई. ती आकांक्षाची." पुन्हा हशा. आकांक्षा लाजून त्याच्या शेल्याला हिसका देत होती. फक्त गंगूकाकी हसत नव्हती. उतू जायच्या बेतातल्या दुधाकडे बघावं तशी ती मुलीकडे बघत होती.

सुनेत्रानं चौकटीवरचे हात काढले. तीही हसली.

आकांक्षानं पायानं माप ओलांडलं. तांदूळ आत सांडले. कोणीतरी उखाणा, उखाणा म्हणून ओरडलं आणि तेवढ्यात सुनेत्राच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. आठ.

"ताईंच्या गोळ्या," आकांक्षा म्हणाली. नवऱ्याच्या घरातलं तिचं पहिलं काम. तिनं मेंदीच्या हातांनी सुनेत्राच्या खांद्यावरून पर्स घेतली, डबा काढला. "संध्याकाळच्या या ना? दोन?"

"अगं, राहू दे, ती घेईल नंतर," मयूर म्हणाला.

"नंतर नाही. वेळ म्हणजे वेळ. तुम्हीच एवढं दिलंत आणि तुम्हालाच काळजी नाही." तिनं दोन कॅप्सूल सुनेत्राच्या तळहातावर ठेवल्या, कोणाच्या तरी हातातून पाण्याचा ग्लास घेतला. "घ्या ताई. माझ्यासमोर."

बायका कौतुकानं बघत होत्या. मयूरनं आकांक्षाच्या मागून मान हलवली, नको, नको. काकी म्हणाली, "घे गो, घेऊन टाक एकदाचा." तिला ते दृश्य लवकर संपायला हवं होतं.

सुनेत्रानं भावाकडे बघितलं. बराच वेळ. मग कॅप्सूल तोंडात टाकल्या, पाणी प्यायली, ग्लास परत दिला.

"आता हे काम माझं," आकांक्षा म्हणाली. डबा तिनं आपल्या नव्या बॅगेत टाकला, बॅग माहेरून आलेल्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. सगळ्यांनी सूनबाईला नावाजलं.

सुनेत्रा माझ्या खोलीत येऊन बसली, त्यांच्याकडे बसायला जागाच नव्हती. पाच मिनिटांत मयूर आला. दारात उभा राहिला.

"ताई, दुसरी स्ट्रिप कुठेय?"

"सगळ्या डब्यात भरल्या. दगदगीत राहायला नको म्हणून."

"मेडिकलवाला?"

"तो ठेवत नाही त्या. मागवतो. उद्या दुपारी येतील."

"मग?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, दोन तास मागेपुढे चालतं. दहापर्यंत."

मयूरनं मुंडावळ्या कपाळावरून वर सारल्या. "तू माग ना तिच्याकडे. सांग, एक पडली."

"माझ्या घेऊन झाल्या. सगळ्यांनी बघितलंय."

"ताई, मस्करी नको. त्या नाही घेतल्या तर काय होतं माहितेय तुला."

"मला नाही माहीत तर कोणाला." ती माझ्याकडे वळली. "मावशी, थोडं मुठेल आहे का? ठणकतंय. दिवसभर दिव्याखाली होतं."

मी डबी आणली. तुकडा चमच्यात ठेवून गॅसवर धरला. तिनं पदर बाजूला घेतला आणि डावी कूस माझ्याकडे केली. चौकटीत उभ्या असलेल्या त्याला ती सरळ दिसत होती. आजवर त्यानं ती कधी नीट बघितली असेल असं मला वाटत नाही. आताही तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

"काय सांगू मी तिला?" तो म्हणाला.

"एक वाक्य फिरव फक्त."

पलीकडे बायका ओरडत होत्या, नवरदेव कुठे गेले, नवरदेवांना बोलवा, उखाणा राहिलाय. मग आकांक्षाचा आवाज, हसरा, "अहो, ऐकलंत का?" मयूर हलला नाही. मी अंगठ्यानं तेल शिवणीवर फिरवायला सुरुवात केली, वरून खाली, हलक्या हातानं, कागदावर लिहिलं होतं तसं. ती अजून गरम होती. आठ वीस झाले होते.

"दार अडवू नकोस रे," सुनेत्रा डोळे मिटून म्हणाली. "हवा येऊ दे."